शंभरातले अकरा

“शंभराला किती सुटतात म्हणालीस?” अक्कांनी विचारलं.

“पाच रुपये ऐंशी पैसे.”

“आणि बाकीच्यांना?”

“अकरा रुपये. आपल्यासारख्याच सात कंपन्यांची सरासरी आहे ती.”

अक्कांनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि पुन्हा लावून माझ्या कागदाकडे पाहिलं. चष्मा पुसल्याने आकडा वाढत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. टेबलापलीकडे त्यांचा मुलगा राजशेखर हाताची घडी घालून उभा होता. ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ असं तो म्हणाला नाही याचं मला कौतुक वाटलं. चेहऱ्यावर मात्र ते लिहिलेलंच होतं.

सत्त्याण्णव सालचा जानेवारी होता तो. जयसिंगपुरातला तोडकरांचा भडंगाचा कारखाना, आणि मी सुचेता घोरपडे, वय चोवीस, कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा पास होऊन आठ महिने झालेले. आमच्या सांगलीच्या कानिटकर सरांनी पहिल्यांदाच मला एकटीला एका कामावर पाठवलं होतं. त्यामुळे मी रोज इस्त्रीची साडी नेसून जात होते आणि कुणी काही विचारायच्या आत कॅल्क्युलेटर काढत होते.

काम सांगायला सोपं होतं. कारखाना चालवून नफा किती होतो तो काढायचा. म्हणजे शंभर रुपयांचं भडंग विकलं, की त्यातून चुरमुरे, शेंगदाणे, तेल, मसाला, मजुरी, वीज, गाडीभाडं आणि यंत्रांची झीज वजा करून हातात काय उरतं ते बघायचं. बँकेचं व्याज आणि सरकारचा कर त्याच्या नंतर. मग तो आकडा याच धंद्यातल्या इतरांच्या आकड्याशेजारी मांडायचा. सात कंपन्यांचे ताळेबंद सरांनी कुठून कुठून गोळा करून मला दिले होते.

पण हे मांडणं कशासाठी, हे कळल्यापासून माझी झोप उडाली होती. पुण्याची एक मोठी कंपनी तोडकरांचा कारखाना विकत घ्यायला तयार होती. त्यांना हवं होतं फक्त नाव आणि मसाल्याचं प्रमाण. भडंग ते तिकडे आपल्या यंत्रांवर करणार होते. इथल्या पन्नास बायकांनी घरी बसायचं. राजशेखरचं मत विकावं असं होतं. अक्का नको म्हणत होत्या. शेवटी मायलेकांचं असं ठरलं, की बाहेरच्या माणसाकडून नफा काढून घ्यायचा. इतरांच्या बरोबरीने आला तर कारखाना ठेवायचा, नाही आला तर शनिवारी पुण्याला होकार कळवायचा. आणि ते बाहेरचं माणूस म्हणजे मी.

“अक्का, मला विकायची हौस नाही,” राजशेखर म्हणाला. “पण आपण इतरांच्या दुप्पट राबतो आणि निम्मं मिळवतो. हे किती वर्षं चालवायचं?”

अक्का माझ्याकडे वळल्या. “आज सोमवार आहे. शनिवारपर्यंत शोध, पोरी. कुठंतरी गळत असणार. माझी माणसं आळशी नाहीत आणि मीही नाही.”

मंगळवारी मी सगळं उलटंपालटं केलं. तेल? अक्का इतरांपेक्षा स्वस्तात घेत होत्या. मजुरी इतरांच्याइतकीच. वीज तर कमीच, कारण दुपारी दोन ते तीन पंखे बंद ठेवायचा अक्कांचा हुकूम होता आणि त्यांच्या खोलीतला पंखासुद्धा त्याला अपवाद नव्हता. गाडीभाड्यात खोट काढायला जागा नव्हती. इतका काटकसरीचा कारखाना मी पुस्तकातसुद्धा वाचला नव्हता. तरी शंभरातले पाच रुपये कोण खात होतं?

चार वाजता मला सापडलं. भट्टीवर किती माल गेला आणि पाकिटांत किती भरला, हे दोन आकडे कुणी कधी शेजारीशेजारी ठेवलेच नव्हते. भट्टीची वही पोत्यांत आणि डब्यांत, पाकिटांची वही नगांत. दोन्हींचे किलो करून पाहिले. शंभर किलो माल भट्टीवर गेला तर भाजण्या-चाळण्यात तीन किलो कमी व्हावा, सगळीकडे तेवढाच होतो. इथे दहा किलो कमी होत होता. वरचे सात किलो कुठेच नव्हते. पाकीट अडीचशे ग्रॅमचं, दिवसाला पाकिटं चार हजार, म्हणजे रोज ऐंशी किलो भडंग गायब!

आता सांगायला लाज वाटते, पण मला अतिशय आनंद झाला. मी धावतच अक्कांच्या खोलीत गेले आणि दार लोटायचंही भान न ठेवता म्हणाले, “अक्का, सापडलं. चोरी होतेय. पॅकिंगमध्ये.”

“कशात?”

“पॅकिंगमध्ये. रोज ऐंशी किलो माल जातोय.”

अक्कांचा चेहरा उतरला आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळून पाहिलं. दारात गौरव्वा उभी होती. पॅकिंगच्या हॉलची ही मुकादम, पंचावन्नची, दाराच्या चौकटीएवढी उंच, कपाळाला विभूतीचे पट्टे. लेबलांचा गठ्ठा न्यायला आली होती.

“किती किलो म्हणालासा मॅडम?” तिने शांतपणे विचारलं.

“ऐंशी,” मी म्हणाले. आवाज आधीच निम्मा झाला होता.

“ऐंशी किलो भडंग म्हंजे किती हुतंय ठाव हाय का? धा पोती! धा पोती आमी काय पदराखाली घालून न्हेतोय व्हय?” तिने स्वतःचा पदर झटकून दाखवला. “आनि गेटवर त्यो दत्तू बसलाय, त्येला काय आमी गरवार वाटतोय? पन्नासच्या पन्नास?”

अक्का एकदम हसल्या. मला मात्र जमिनीत जावंसं वाटत होतं.

“हसू नगा अक्का,” गौरव्वा म्हणाली. “तीस वर्सं झाली मला हितं. चोर म्हनून घ्यायला न्हाई आलो. मॅडम, उद्या सकाळी आठला यायचं. माझ्या शेजारी बसायचं आनि दिवसभर पुडकी भरायची. चोर कुठनं जातोय त्यो बसल्या जागी दिसंल तुमाला.”

मी बुधवारी पावणेआठलाच गेले. इस्त्रीची साडी नव्हती.

हॉलमध्ये लांबलचक टेबलांवर भडंगाचे पिवळेधमक ढीग होते आणि लसणाच्या वासाने भूक खवळत होती. प्रत्येकीपुढे छोटा तराजू, एका पारड्यात अडीचशेचं वजन, दुसऱ्यात उघडं पाकीट. भरायचं, काटा मध्ये आला की पाकीट उचलायचं, पुढे सरकवायचं, पलीकडची बाई तोंड चिकटवणार. मी पहिलं पाकीट इतकं जपून भरलं की शेवटी एकेक शेंगदाणा टाकत होते. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. काटा मधोमध आल्यावर मी पाकीट उचलून पुढे दिलं.

पलीकडच्या बाईने ते परत माझ्याकडे सरकवलं.

“मॅडम, मूठ ऱ्हायली.”

“कसली मूठ?”

“मूठ वो. मूठ घाला की.”

मी गौरव्वाकडे पाहिलं. तिने न बघता, शेजारणीशी लेकीच्या बाळंतपणाबद्दल बोलता बोलता, तराजूवरून पाकीट उचललं, डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताने ढिगातून एक मूठ भरून आत टाकली. मग पाकीट पुढे गेलं. पुढच्या पाकिटालाही तेच. मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळ्यांचे हात तसेच चालले होते.

“गौरव्वा, ही मूठ वजनात कुठे धरता?”

“मुठीला कुठलं वजन? वजन झाल्यावर घालायची असती न्हवं ती!”

मसाल्याच्या खोलीत ग्रॅमची वजनं होती, ती मी मागवली. दहा बायकांच्या दहा मुठी कागदावर घेतल्या आणि एकेक तोलली. वीस, एकोणीस, बावीस, वीस, एकवीस. सरासरी वीस ग्रॅम. चार हजार पाकिटं गुणिले वीस ग्रॅम. मी कॅल्क्युलेटर काढला नाही. तोंडीच जमत होतं.

“किती आलं?” गौरव्वाने विचारलं.

“ऐंशी किलो.”

गौरव्वाने आपली मूठ वर धरली आणि ओरडून सांगितलं, “घावला गं चोर! ह्यो बगा!” पन्नास बायका अशा हसल्या की भट्टीवरची माणसं काम टाकून बघायला आली. मी गौरव्वाचे पाय धरायला वाकले. तिने मला मध्येच धरून उभं केलं. “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. पुडकं भरा. अजून येकबी धड झालं न्हाई तुमचं.”

अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांना नवलच वाटेना.

“ती मूठ होय? ती तर मामंजींपासून घालतात,” त्या म्हणाल्या. मामंजी म्हणजे त्यांचे सासरे, महालिंगअप्पा, कारखाना काढणारे. “सायकलवर टोपली बांधून विकायचे. तोलून झालं की वर एक मूठ. म्हणायचे, तोललेल्याचे तर पैसे घेतले, आता गिऱ्हाइकाला आपण काही द्यायचं की नाही?”

“पण अक्का, ही हिशेबात कुठेच नाही.”

“हिशेबात कशी येणार? आपलाच माल, आपणच दिला. तो खर्च कसा?”

मला हसावं की रडावं कळेना. मी कागद पुढे ओढला. शंभर रुपयांच्या विक्रीत पाकिटं दहा. दहा मुठी म्हणजे दोनशे ग्रॅम. भडंग पडतं अठ्ठावीस रुपये किलोला. म्हणजे मुठीचे झाले पाच रुपये साठ पैसे. नफ्याचे पाच ऐंशी त्यात मिळवले.

“अकरा चाळीस,” राजशेखर माझ्या आधी म्हणाला. तो खुर्चीवरून उठलाच. “अक्का! अकरा चाळीस! आपण सरासरीच्या वर आहोत. सातांतल्या पाच जणांच्या वर!” माणूस इतका बदलू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. तो खोलीत दोन येरझारा घालून आला, पंखा लावला, तीन वाजायचे होते म्हणून परत बंद केला. “मला वाटत होतं आपल्याला धंदाच करता येत नाही. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं. मॅडम, उद्यापासून मूठ बंद. पुण्याला नाही म्हणून कळवू. अक्का, राहिला तुझा कारखाना.”

अक्का खिडकीतून हॉलकडे बघत होत्या.

“मूठ बंद केली तरच राहतो?” त्यांनी मला विचारलं.

“आकडा तसंच म्हणतो, अक्का.”

“मग बंद करा,” त्या म्हणाल्या, आणि उठून निघून गेल्या.

मी जिंकले होते. कानिटकर सरांना फोन करून सांगितलं तेव्हा ते ‘शाबास’ म्हणाले, आणि शब्द खर्चायला सर फार कंजूष होते. तरी बसने घरी जाताना मला काही खावंसं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी गौरव्वाने टेबलावर हात आपटून सगळ्यांना हुकूम ऐकवला. मूठ बंद. अक्कांनी सांगितलंय. कारखाना राहायचा असेल तर मूठ बंद. बायकांनी माना डोलावल्या. त्यांना ते पटलं होतं, कारण ज्यांचं काम जाणार होतं त्या याच होत्या. कामाला सुरुवात झाली. अकरा वाजता मी तयार पाकिटांतली वीस उचलून तोलली. दोनशे सत्तर. दोनशे अडुसष्ट. दोनशे एकाहत्तर.

“गौरव्वा!”

“मी न्हाई घातली,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या उजव्या हाताने हातातल्या पाकिटात मूठ टाकली. तिने हाताकडे पाहिलं. “आता ह्येला काय म्हनायचं?”

दुपारी त्यांनी नाना उपाय केले. एकीने मनगटाला लाल दोरा बांधला, आठवण म्हणून. एकीने शेजारणीला पहारा करायला सांगितलं, तर दोघींच्याही मुठी पडल्या. गौरव्वा उजवा हात मांडीखाली दाबून डाव्या हाताने भरू लागली. अर्ध्या तासात डावा हात मूठ घालायला शिकला. हसून हसून कुणाच्या डोळ्यांत पाणी, तर कुणाच्या डोळ्यांत खरंच पाणी. पाच वाजता पुन्हा तोललं. दोनशे एकोणसत्तर.

शुक्रवारी सकाळी अक्का स्वतः आल्या, पदर खोचून टेबलाशी बसल्या. “सरका. मी दाखवते.” पहिल्याच पाकिटाला त्यांची मूठ पडली. त्यांनी पाकीट तसंच खाली ठेवलं, हात झटकले आणि म्हणाल्या, “मला नाही जमायचं बाई.”

राजशेखर दारातून बघत होता. दोन दिवस तो चिडत चिडत इथे येत होता. आता त्याचा धीर संपला. शनिवार उद्यावर आला होता आणि आकडा कागदावर अकरा चाळीस असला तरी तराजूवर पाच ऐंशीच होता.

“ऊठ गौरव्वा,” तो म्हणाला. त्याने बाह्या वर केल्या. “यात कठीण काय आहे? मी बारावीपर्यंत दर सुट्टीत इथे बसलोय. फक्त लक्ष लागतं. बघा सगळ्या.”

आणि खरंच, त्याचा हात सुरेख चालत होता. पाकीट उघडलं, भरलं, काटा मध्ये, उचललं, पुढे. बरोबर अडीचशे. दुसरं, तेही अडीचशे. बायका कौतुकाने बघायला लागल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

“माझे हात काय वेगळे आहेत?” तिसरं पाकीट भरत तो बोलत होता. “तुमच्या हातांना तुम्ही लाडावून ठेवलंय. वजन झालं, की झालं. गिऱ्हाईक अडीचशेचे पैसे देतं, आपण अडीचशे द्यायचं. याच्यात कुणाला फसवतोय आपण? साधी गोष्ट आहे. आज्जाचे दिवस वेगळे होते, तेव्हा सायकलवर...”

त्याने पाकीट तराजूवरून उचललं होतं. बोलता बोलता त्याचा उजवा हात ढिगात गेला, मूठ भरून वर आला, पाकिटात रिकामा झाला. मग त्याने पाकीट पुढे सरकवलं आणि चौथं उघडलं.

गौरव्वाने तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. सगळ्या शांत झाल्यात हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

अक्कांनी ते तिसरं पाकीट उचलून हलकेच त्याच्या तराजूत ठेवलं. पारडं खाली गेलं.

राजशेखरने त्या पारड्याकडे पाहिलं. मग त्याने हात वर करून बघितला. बोटांना तेल आणि मसाला लागला होता. तो आधी नुसता हसला, मग मोठ्याने हसला, आणि मग ते हसणं मध्येच तुटलं. “आज्जा मला मांडीवर घेऊन बसायचा,” तो अक्कांना म्हणाला. “माझी मूठ लहान होती, म्हणून मी दोन घालायचो.”

अक्कांनी सगळ्यांसमोर त्याचं डोकं छातीशी धरलं. बत्तीस वर्षांचा माणूस, त्यानेही धरू दिलं.

थोड्या वेळाने तो माझ्याकडे वळला. “मॅडम, पाकिटाला आठ आणे वाढवले तर? मूठ तशीच ठेवून.”

मी तिथेच भडंगाच्या टेबलावर कागद ठेवला. दहा पाकिटांचे एकशे पाच. खर्च चौऱ्याण्णव वीस. शिल्लक दहा ऐंशी. “शंभराला दहा रुपये एकोणतीस पैसे,” मी म्हणाले.

“अकराला एकाहत्तर पैसे कमी.”

“हो. बरोबरी होत नाही.”

“एकाहत्तर पैसे मी कुठूनही काढतो,” तो म्हणाला. आणि त्याने ते काढलेही. तेलवाल्याला त्याने पुढचं वर्षभर असं काही सतावलं, की पुढच्या सालच्या मार्चअखेर मी आकडा काढला तो अकरा रुपये पाच पैसे आला. आठ आण्यांबद्दल एकाही दुकानदाराने हूं की चूं केलं नाही. मी अहवालात मजुरीच्या खाली आणि विजेच्या वर एक नवी ओळ घातली: मूठ, पाच रुपये तेहतीस पैसे. त्या सात कंपन्यांपैकी कुणाच्याच ताळेबंदात अशी ओळ नव्हती. कानिटकर सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण खोडली नाही. त्यानंतर आजवर मी शेकडो कारखान्यांचे नफे काढले, आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यात आधी विचारते, की इथे असं काय दिलं जातं जे वहीत लिहिलेलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी राजशेखर हॉलमधून तडक ऑफिसात गेला. मी, अक्का आणि गौरव्वा त्याच्या मागोमाग गेलो, आणि आमच्या मागून बायका येऊन दारात दाटल्या. त्याने पुण्याचा नंबर फिरवला. तेलकट बोटांचे ठसे फोनवर उमटले.

“नमस्कार साहेब, तोडकर बोलतोय. नाही, उद्यापर्यंत थांबत नाही, आजच सांगतो. नाही जमणार आपलं... छे छे, रकमेचा प्रश्नच नाही, रक्कम चांगलीच होती. अडचण वेगळी आहे. आमच्या इथे अडीचशे ग्रॅम भरायला सांगितले तर भरता येत नाहीत... हो, शिकवून बघितलं. दोन दिवस शिकवत होतो.” तो थांबून ऐकत राहिला आणि मग त्याने आमच्याकडे पाहिलं. “नाही साहेब, बायकांना दोष देत नाही मी. त्यांचं नाही म्हणत. मी माझंच सांगतोय.”